हाय-फाय शोला जायच्या आधी आपली पाच गाणी ठरवा

हाय-फाय शो म्हणजे महागड्या साउंड सिस्टीमचं प्रदर्शन, जिथे वेगवेगळ्या रूममध्ये सिस्टीम लावून ऐकवतात. मागच्या वेळी माझ्यासोबत ठाण्यातले दोन मित्र आले होते, दिवसभरात अशा वीसेक रूम फिरले आणि परतताना लोकलमध्ये विचारलं काय आवडलं तर एकालाही धड सांगता येईना, म्हणून हे लिहितोय.

डेमोवाले स्वतःची गाणी लावतात, ती कुठेही छानच वाजतात. तुम्ही तुमची न्या, अगदी पाठ झालेली. माझ्याकडे एक तबला सोलो असतो, डग्ग्याचा घुमारा वेळेवर थांबतोय की नुसता रेंगाळतोय हे अर्ध्या मिनिटात कळतं. एक तानपुरा आणि आवाज एवढंच असलेला ख्याल. आणि एक जुनं मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं, नाट्यगीत नक्की ठेवा, मोनोतला आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून यायला हवा, तो पसरला किंवा एका बाजूला गेला तर सेटअप किंवा तुमची खुर्ची यातलं काहीतरी चुकतंय. फाइल्स फ्लॅक किंवा वेव्ह (आवाजातलं काहीच न कापणारे फॉरमॅट), पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, कारण बरेच स्ट्रीमर, म्हणजे फाइल्स वाजवणारी यंत्रं, एनटीएफएस फॉरमॅट वाचतच नाहीत. सीडी असेल तर तीही टाका बॅगेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हॉल्यूम. दोन सिस्टीममध्ये एखाद डेसिबलचा जरी फरक असला तरी मोठी वाजणारीच कानाला भारी वाटते आणि आपल्याला वाटतं स्पीकरच चांगलाय. मोबाइलवर साउंड मीटर अ‍ॅप ठेवा, अगदी अचूक नसलं तरी तुलनेला पुरतं, आणि ७५ डेसिबलच्या आसपास लावायला सांगा, विनंती केली तर बहुतेक जण लावतात. कानही जपा हो, ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं.

घरच्या हॉलचं माप लिहून न्या, हे कोणीच करत नाही. आपल्याकडे १० बाय १२ चा हॉल म्हणजे १२ फुटांच्या बाजूने ४७ हर्ट्झच्या आसपास बास (खालचे, खर्जातले सूर) फुगणार, तिथे मोठे टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, आणले तर घुमणारच. शोमधल्या रूमचाही असाच स्वतःचा बास असतो, म्हणून एक गाणं मधल्या खुर्चीत ऐका आणि मग मागच्या भिंतीपाशी जाऊन तेच ऐका, किती बदलतं बघा, आणि मगच त्या स्पीकरला नावं ठेवा.

शो वाशीला असेल तर ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल आहेच, अंधेरीकडे असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो. सकाळी उघडताच पोचा, रविवारी दुपारी गर्दीत काही ऐकू येत नाही. पहिल्या तासात सगळीकडे नुसती चक्कर मारा, मग चार-पाच रूम निवडून तिथेच बसा. मधली खुर्ची दोन गाण्यांनंतर सोडा, मागे कोणीतरी ताटकळत असतं. गाणं चालू असताना बोलू नका, स्पीकरच्या कोनला (आतल्या थरथरणाऱ्या पडद्याला) बोट लावू नका.

प्रत्येक रूममधून बाहेर पडल्या पडल्या दोन ओळी लिहा, गाणं कुठलं, कुठे बसलो, काय खटकलं. बुकिंग त्या दिवशी करू नका, शो डिस्काउंट कितीही असला तरी. घरी रात्री तीच पाच गाणी आपल्या सिस्टीमवर लावा, आणि तरीही एखादी रूम डोक्यातून जात नसेल तर डीलरला फोन करून घरी डेमो मागा.