कॅमेऱ्याची कंपनी बदलताय? लेन्सच्या हिशेबातल्या या चुका टाळा

लग्नसराई आटोपली, हातात थोडे पैसे आले की वणी, चिमूर, मूल, पांढरकवड्याकडच्या फोटोग्राफरांमध्ये एकच विषय सुरू होतो. कॅनन सोडून सोनी घ्यावा का? निकॉनचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) विकून मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) जावं का? सगळं बोलणं बॉडीभोवती, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याभोवती फिरतं: किती मेगापिक्सेल, सेकंदाला किती फ्रेम, डोळ्यावर फोकस धरतो की नाही. पण बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होतेच. खरा पैसा अडकतो लेन्समध्ये. कंपनी बदलायची म्हणजे लेन्सचा सगळा संसार बदलायचा, आणि तो हिशेब न करता घेतलेला निर्णय छोट्या स्टुडिओला फार जड जातो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

“फोटो शार्प येत नाहीत, आता सिस्टिमच बदलतो” असं म्हणणाऱ्याने आधी घरच्या घरी तपासणी करावी. लेन्सवरचा स्वस्त यूव्ही फिल्टर काढा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, पंधरा-वीस मीटरवर सिमेंटचं रिकामं पोतं भिंतीला ताणून टांगा आणि त्यावरच्या अक्षरांवर फोकस करून दोन फोटो घ्या. एक व्ह्यूफाइंडरला डोळा लावून, एक लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला, तर लेन्स चांगली आहे, फक्त फोकस पुढे-मागे पडतोय. मधल्या आणि वरच्या दर्जाच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये तो मेनूतूनच जुळवता येतो. आता फिल्टर परत लावून तिसरा फोटो घ्या. लांब पल्ल्याच्या लेन्सवर हलका फिल्टर किती नुकसान करतो ते पोत्यावरच्या बारीक अक्षरांत लगेच दिसेल.

आपल्याकडचं आणखी एक कारण म्हणजे ऊन. मे महिन्यात ताडोबात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. सकाळी दहा-अकरानंतर तापलेल्या रस्त्यापलीकडे शंभर मीटरवर बसलेल्या वाघाचा फोटो घेतला, तर मधली हवाच थरथरत असते. पट्ट्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. लाखो रुपयांची लेन्स लावली तरी हेच होणार. सकाळचा पहिला दीड-दोन तास आणि कमी अंतर, एवढाच त्यावर इलाज आहे. या एका कारणापायी लोक चांगल्या लेन्स विकून टाकतात, याचं मनापासून वाईट वाटतं.

बॉडीची ऑफर बघून उडी मारणं

दुकानदार बॉडी आणि किट लेन्सचा (बॉडीसोबत येणाऱ्या साध्या लेन्सचा) भाव सांगतो. तुम्ही मात्र कागदावर पुढच्या तीन वर्षांत लागणाऱ्या लेन्स लिहा आणि त्यांची बेरीज प्रत्येक कंपनीसाठी वेगळी करा. बॉडीतला दहा-पंधरा हजारांचा फरक या बेरजेपुढे किरकोळ ठरतो.

लग्नाचंच काम घ्या. गोरज मुहूर्तावर उजेड कमी होत चाललेला, मांडवात पिवळे बल्ब आणि एलईडी, अक्षता पडायला लागल्या की थांबून परत फोटो घेता येत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्स जास्त प्रकाश घेते. बऱ्याच किट लेन्स पूर्ण झूमवर एफ ५.६ ला येतात. एफ २.८ ची लेन्स तिथे चौपट प्रकाश घेते, म्हणजे ६४०० आयएसओचं (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) काम १६०० वर होतं. त्यामुळे एफ २.८ चा झूम लागणारच, आणि तो कुणाकडे परवडतो हा खरा प्रश्न. सोनीने २०११ मध्ये ई-माउंटची (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जोडणी) मूलभूत माहिती इतर लेन्स कंपन्यांना खुली केली. त्याचं फळ म्हणजे सिग्मा-टॅमरॉनच्या कितीतरी लेन्स आज सोनीला बसतात. टॅमरॉनचा २८-७५ एफ २.८ २०१८ मध्ये आला आणि सोनीच्या स्वतःच्या महागड्या जी मास्टर मालिकेतल्या झूमपेक्षा बऱ्याच कमी पैशांत लग्नाचं काम भागू लागलं. निकॉनच्या झेड माउंटला टॅमरॉनच्या काही लेन्स परवान्याने मिळतात. कॅननने आरएफ या आपल्या मिररलेस माउंटचं दार बराच काळ लावून ठेवलं होतं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवानगी दिली ती क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडींसाठीच्या लेन्सपुरती. त्याच वर्षी कॅननने स्वतःचा २८-७० एफ २.८ एसटीएम आणला, तो कॅननच्याच महागड्या एल मालिकेपेक्षा बराच स्वस्त आहे.

म्हणून कॅनन महाग, सोनी स्वस्त, असं समजू नका. पन्नास एमएम घ्यायची तर कॅननची आरएफ ५० एफ १.८ खिशाला परवडणारी आहे, तर निकॉनची झेड ५० एफ १.८ काचेने सरस असली तरी भाव कितीतरी जास्त. निकॉनवाल्याने कमी बजेटमध्ये झेड ४० एफ २ बघावी. कोण स्वस्त ते तुमच्या यादीवर ठरतं.

जंगलाचं गणित वेगळं. ताडोबा, टिपेश्वर, नागझिरा, कुठेही जा, सागवान आणि बांबूच्या सावलीत पहाटे उजेड कमीच. निकॉनचा झेड १८०-६०० आणि सोनीचा २००-६०० हे दोन्ही शेवटच्या टोकाला एफ ६.३ देतात. कॅननचा आरएफ २००-८०० पल्ल्याला मोठा, पण टोकाला एफ ९, म्हणजे अख्खा एक स्टॉप कमी, प्रकाश निम्मा. तिकडे ६४०० आयएसओ लागत असेल तर इथे १२८००. कॅननची ६०० एमएम एफ ११ तर पहाटेच्या जिप्सीसाठी घेऊच नये असं माझं मत आहे. पण तुमचं काम नवेगावबांधच्या तलावावर भर उजेडात पक्षी टिपण्याचं असेल, तर हेच मत उलटं होतं. आरएफ १००-४०० ची लेन्स जेमतेम ६३५ ग्रॅमची आहे, १.६ क्रॉपच्या बॉडीवर ६४० एमएमएवढी चौकट देते आणि दिवसभर गळ्यात घालून फिरता येतं.

सोनी घेणाऱ्या वन्यजीववाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सला सोनीच्या बॉडीवर सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा आहे आणि टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारी जोडकाच) चालत नाही. लग्नाच्या कामात याने काही अडत नाही.

ॲडॉप्टर आहे ना, मग सगळं चालेल

ॲडॉप्टर म्हणजे एका माउंटची लेन्स दुसऱ्या माउंटच्या बॉडीला बसवणारी कडी. त्याने सगळं चालत नाही. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स कॅननच्याच ॲडॉप्टरने आरएफ बॉडीवर उत्तम चालतात. ईएफ-एस (क्रॉप सेन्सरसाठीची) लेन्स मात्र फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर क्रॉप होऊन चालते, मेगापिक्सेल निम्म्याहून कमी उरतात. निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स फोकस करतील, जुन्या एएफ-डी लेन्स हाताने फिरवाव्या लागतील. तुमच्याकडे निकॉनची २००-५०० एफ ५.६ असेल तर ती विकू नका, एफटीझेडवर ती छान काम देते. कॅननची लेन्स सोनीवर लावली तर स्थिर फोटो निघतात, पण चालत्या वरातीचा व्हिडिओ करताना फोकस मागे-पुढे शोधत बसतो. तिथे आधी ॲडॉप्टर आणि लेन्स दोन्हींचे फर्मवेअर अपडेट करा, सोनेरी संपर्कबिंदू सुक्या मऊ कापडाने पुसा. तरीही फोकस भटकत असेल तर त्या जोडीवर व्हिडिओची ऑर्डर घेऊ नका.

मिररलेसवर आल्यावर मांडवातल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे दिसले तर लेन्सला दोष देऊ नका. सायलेंट शटर बंद करा, मेकॅनिकल लावा आणि शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, एलईडी त्या तालावर लुकलुकतात.

स्वस्तात मिळालं म्हणून

कॅननचा एम५० सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतो आणि नवशिके तो पटकन उचलतात. त्याचा ईएफ-एम माउंट बंद झालाय. त्या लेन्स आरएफ बॉडीला बसत नाहीत आणि आरएफच्या लेन्स एम५० ला बसत नाहीत. पुढे जायला वाटच नाही.

याउलट डीएसएलआरच्या जुन्या लेन्स ही मोठी संधी आहे. २०२० नंतर कॅनन आणि निकॉनने डीएसएलआरमध्ये महत्त्वाचं नवं मॉडेल आणलेलं नाही, त्यामुळे त्या लेन्सचे भाव उतरलेत. तुमची बॉडी धड असेल तर कंपनी बदलण्यापेक्षा वापरलेली ७०-२०० एफ २.८ घेणं कितीतरी शहाणपणाचं. घेताना मोबाइलचा टॉर्च मागून काचेतून मारा. जाळीसारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे, भाव कितीही पाडला तरी परत ठेवा. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नको. झूम पूर्ण फिरवून कापसाच्या गावातली धूळ आत करकरते का, ते कान देऊन ऐका.

शेजारच्या गावात कोणता माउंट आहे?

हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हळदीच्या रात्री लेन्स पडली तर सकाळी अकराच्या लग्नाला तुम्ही ती कुणाकडून आणणार? नागपूर काही तासांवर. पंधरा-वीस किलोमीटरमधल्या चार स्टुडिओंमध्ये कॅनन असेल आणि तुमच्या एकट्याकडे सोनी, तर त्या दिवशी कितीही चांगली लेन्स यादी कामाची नाही. जोडीने ऑर्डर करणाऱ्यांनी तर एकत्र बसूनच ठरवावं. जमलं तर आवडलेली लेन्स आधी भाड्याने आणून एक खरी ऑर्डर करून बघा.

बेरजेत कार्ड, दोन जादा बॅटऱ्या आणि फ्लॅशचा ट्रिगरही धरा. कॅननचा टीटीएल (फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवणारा) ट्रिगर सोनीवर चालत नाही. काही बॉडींना सीएफएक्स्प्रेस कार्ड लागतं, ते एसडीपेक्षा महाग पडतं. जीएसटी नोंदणी असेल तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी असलेलाच माल घ्या.

बदल करायचाच तर पावसाळ्यात करा. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभा बंद, लग्नं नाहीत, हाताला नवी सवय लावायला वेळ मिळतो. निकॉनची झूम रिंग कॅननच्या उलट फिरते, हे बोटांना कळायला आठवडे लागतात. जुनं सामान मात्र लगेच फुंकू नका. दिवाळीच्या आसपास, तुळशीच्या लग्नाआधी, नवी मुलं हंगामासाठी कॅमेरे शोधत असतात तेव्हा गिऱ्हाईक आणि भाव दोन्ही बरे मिळतात. तोपर्यंत पहिल्या काही ऑर्डरना जुनी बॉडी आणि तिची एक लेन्स बॅगेत राहू द्या.