नदीवरचं धुकं तैलरंगात कसं रंगवावं?

नदीचं निसर्गचित्र काढायला बसलं की हात आधी काठ आणि झाडं रेखाटायला धावतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८९६-९७मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नीजवळ सीन नदीवरच्या सकाळींची मालिका रंगवली, तिच्यात मात्र काठ शोधावा लागतो. आधी दिसतो उजेड. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

वेळ ठरवा. मोने पहाटे साडेतीनला उठून होडीतून नदीत जाई. सोबत बरेच कॅनव्हास. उजेड बदलला की हातातला बाजूला आणि पुढचा समोर. आपल्याला दोन पुरेत. पण ऊन वर आल्यावर पहिल्याला हात लावू नका, एकाच चित्रात दोन वेळांचा उजेड शिरला की रंग गढूळ होतात.

मग डोळे बारीक करून बघा. तपशील गळून गडद-फिक्याचे तीन-चार मोठे आकार उरतात. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात तेवढेच मांडा.

खरी गोम धुक्यात आहे. नुसता पांढरा फासला तर चित्रावर खडूची पूड सांडल्यासारखं दिसतं. धुकं लांबच्या झाडांचा गडदपणा काढून घेतं, रंगवायचं ते हेच. हिरव्यात अल्ट्रामरीन (गडद निळा), किंचित अलिझरिन क्रिमझन (गडद लाल) आणि पांढरा मिसळून जांभळट करडा करा. झाड जितकं लांब, तितका टोन, म्हणजे रंगाचा गडद-फिकेपणा, आकाशाच्या जवळ न्या. काळा पॅलेटवर घेऊच नका, निदान या चित्रापुरता. आकाशात यलो ऑकरची (मातकट पिवळ्याची) पुसट छटा दिली की शेजारचा जांभळा आपसूक उठतो. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मालिकेतलं १८९७चं धुक्याचं चित्र आहे, त्याचा फोटो मोठा करून बघा: झाड कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं, ती रेघ जवळपास विरलेली आहे.

पाण्यात प्रतिबिंब सरळ खाली उतरतं. गडद वस्तूचं जरा फिकं, उजळ वस्तूचं जरा गडद. उभे फटकारे मारा आणि रंग ओला असतानाच कोरडा ब्रश आडवा, अगदी हलका फिरवा. चकाकीचे ठिपके सगळ्यात शेवटी, जाड रंगात. दाट धुकं असेल तर तेही नकोत.

शेवटी मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढा. लांबची झाडं आकाशापासून ठळक सुटी दिसली, तर त्यांच्यात अजून पांढरा जायला हवा.