समाज आणि संस्कृती: पेपरात फरक कसा लिहायचा

एफवायला सोशिऑलॉजी घेतलेल्यांची गाडी 'समाज म्हणजे लोक, संस्कृती म्हणजे सणवार' इथेच अडते. उदाहरणं आपल्या गोव्याचीच घ्या, पाठ करावी लागत नाहीत.

कुठलीही एक गोष्ट पकडा, समजा चवथ (गणेश चतुर्थी), आणि तिला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. पहिला, कोण कोणाचा कोण लागतो, हक्क कोणाचा, जबाबदारी कोणावर? म्हणजे भावांच्या चुली कधीच्या वेगळ्या झाल्या तरी मोठ्या घरात गणपती एकच, मुंबईवाले पण येणार, खर्चाची वाटणी ठरलेली, हा झाला समाज. दुसरा, काय आणि कसं करायचं, आणि का? माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या चौकटीला, कुठली रानफळं बांधायची, खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण) कसं करायचं, ही संस्कृती. माणसं तीच हं, फक्त आपण बघतो वेगळं.

उत्तरात अभ्यासकांची नावं टाकायची तर संस्कृतीसाठी मानववंशशास्त्रज्ञ टायलर, १८७१: ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, थोडक्यात समाजाचा घटक म्हणून माणूस जे काही मिळवतो ते सगळं. समाजासाठी मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन, त्याचा भर मात्र माणसामाणसांतल्या संबंधांच्या जाळ्यावर. क्रोबर आणि क्लकहोन या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये संस्कृतीच्या दीडशेवर व्याख्या गोळा केल्या, त्यांच्या नादाला लागू नका, टायलर पुरे.

खरे मार्क मिळतात ते एक बदललं तरी दुसरं टिकतं हे दाखवलं की. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात गोव्याच्या बार्देस-सासष्टीत ख्रिस्ती धर्मांतरं झाली, देव बदलले, नावं बदलली, पुढे पोशाख पण बदलला, पण बामण, चारडे, सुदीर हे जातींचे भेद चर्चमध्ये पण गेलेच की, आणि कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेत, गांवकाराचा (मूळ हक्कदाराचा) हक्क बापाकडून मुलाकडेच जात राहिला. म्हणजे संस्कृतीचा एवढा मोठा भाग पालटला तरी समाजाची घडण बरीचशी तशीच. उलट बाजूला म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (चर्चमधली मेरीमाता) घ्या, हिंदू तिला लईराई देवीची बहीण मानतात, फेस्ताला, म्हणजे तिच्या सणाला, तेल घेऊन जातात, पण सोयरीक जुळवायची म्हटली की प्रत्येकजण आपल्या जातीतच शोधणार. इथे श्रद्धा सामायिक, समाज वेगवेगळे.

फक्त दोघांचा काही संबंधच नाही असं लिहू नका, टायलरच्या व्याख्येतच समाज बसलाय. आणि तो फरकाचा तक्ता काढायचाच असेल तर तीन-चार ओळींत उरका, उरलेलं पान उदाहरणाला द्या.