एज्युरोमचं सर्टिफिकेट टाकताना या चुका टाळा

जुलैत प्रवेश सुरू झाले की आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाबाहेर मुलांची रांग लागते. तक्रार एकच: "सर, एज्युरोम कनेक्ट होत नाहीये." एज्युरोम म्हणजे जगभरातल्या शिक्षणसंस्थांचं सामायिक वाय-फाय. फोन हातात घेतला की बहुतेक वेळा सीए सर्टिफिकेटच्या (सर्व्हरच्या खरेपणाची हमी देणाऱ्या सर्टिफिकेटच्या) जागी ‘डू नॉट व्हॅलिडेट’, म्हणजे ‘तपासू नका’, निवडलेलं दिसतं.

सगळ्यात घातक चूक हीच. फोन पासवर्ड पाठवण्याआधी समोरचा सर्व्हर खरोखर आपल्या संस्थेचाच आहे का, हे सर्टिफिकेटवरूनच तपासतो. ती तपासणी बंद केली, की कुणीही बस स्टँडवर ‘एज्युरोम’ नावाचं वाय-फाय चालू करून बसू शकतं आणि खिशातला फोन आपणहून त्याला जाऊन मिळतो. पासवर्ड उघडा जात नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी एमएस-चॅप व्ही2 ही पासवर्ड तपासण्याची पद्धत फोडता येते, हे 2012 सालीच डेफ कॉन या हॅकर्सच्या परिषदेत दाखवून झालंय. डिसेंबर 2020 च्या अपडेटने पिक्सेल फोनमधून ‘डू नॉट व्हॅलिडेट’ हा पर्याय काढला गेला, पुढे इतरही अनेक फोनमधून गेला. तो दिसला नाही की मुलं हैराण होतात. मला मात्र बरं वाटतं.

‘यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स’ (फोनमध्ये आधीपासून असलेली सार्वजनिक सर्टिफिकेट्स) निवडलंत तर डोमेनचा, म्हणजे सर्व्हरच्या नावाचा, रकाना नीट भरा. सार्वजनिक सर्टिफिकेट स्वतःच्या डोमेनसाठी कुणालाही मिळतं, त्यामुळे नाव जुळणंही तितकंच गरजेचं. ते नाव संस्थेकडूनच घ्या, अंदाजाने टाकू नका.

अँड्रॉइड 11 पासून सीए सर्टिफिकेटच्या फाइलवर नुसतं टॅप करून भागत नाही. सिक्युरिटी सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अ सर्टिफिकेट’मध्ये जाऊन ‘वाय-फाय सर्टिफिकेट’ निवडा. घाईत शेजारचं ‘सीए सर्टिफिकेट’ निवडलं, तर ते वाय-फायच्या यादीत दिसतच नाही, उलट ब्राउझरही त्यावर विश्वास ठेवू लागतो. असं झालं असेल तर आधी ते काढून टाका.

गेल्या वर्षी एका मुलीच्या फोनपुढे मी अर्धा तास घालवला. सगळं बरोबर, तरी जोडणी होईना. शेवटी वर कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं: साल 2019! फोन दुरुस्तीहून आला होता. त्या तारखेला आमचं सर्टिफिकेट जन्मालाही आलं नव्हतं. तारीख ‘ऑटोमॅटिक’ केली आणि फोन लगेच जोडला गेला. तेव्हापासून मी आधी घड्याळ बघतो.

पासवर्डऐवजी स्वतःचं पी12 सर्टिफिकेट (पासवर्डने बंद केलेली फाइल) मिळालं असेल, तर मॅकवर पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ असा संदेश येऊ शकतो. ओपनएसएसएल 3 या सर्टिफिकेट बनवण्याच्या साधनाने बनवलेल्या फाइलचं नवं एन्क्रिप्शन कीचेनला, म्हणजे मॅकच्या सर्टिफिकेट सांभाळणाऱ्या ॲपला, पचत नाही. फाइल ‘लेगसी’ (जुन्या एन्क्रिप्शनचा) पर्याय लावून पुन्हा बनवून मागा.

हे हाताने भरण्यापेक्षा, तुमची संस्था त्यात असेल तर ‘गेटएज्युरोम’ ॲप वापरा. सर्टिफिकेट आणि सर्व्हरचं नाव दोन्ही तेच बसवतं. आधीची अर्धवट जोडणी मात्र ‘फर्गेट’ करून मगच ते चालवा.