कोकणातली सूडकथा लिहिताना: आधी गाऱ्हाणे, मग भूत

कोकणात घडणारी भयकादंबरी लिहायला घेताना भुताचे रूप शेवटी ठरवावे. आधी त्याचे गाऱ्हाणे ठरवावे. इथल्या समजुतीत माणूस कसा मेला आणि त्याचे काय राहून गेले, यावरूनच त्याची भुतांतली जात ठरते. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी वारला तर मुंजा होऊन पिंपळावर राहतो, धनात जीव गुंतलेला समंध होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. देवचार मात्र गावाचा राखणदार आहे. त्याला सूड घेताना दाखवले, तर सिंधुदुर्गातला वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

सूडासाठी सामायिक घरासारखी दुसरी जागा नाही. सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढूच दिले नाही आणि जी पुढे विहिरीत सापडली, अशी विधवा काकू घ्यावी. झपाटण्याच्या प्रसंगात मोकळे केस आणि घोगरा आवाज टाळावा, कारण त्यांना आता कोणी भीत नाही. धाकटी सून पडवीत तांदूळ निवडता निवडता थांबते आणि सत्तरीच्या सासऱ्याला, फक्त काकू हाक मारायची त्या लाडक्या नावाने, "जेवलास काय रे?" असे विचारते, एवढे पुरे.

भुताची वेळ मध्यरात्रीला न बांधता भरतीला बांधावी. किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. रोज पाऊण तासाने पुढे सरकणारी हाक खाडीच्या पाण्याबरोबर येते, हे वाचकाला पात्रांच्या आधी उमगू द्यावे.

भगत आणायचा असेल, तर भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावे; कथानकात पोलीस आणायला ही चांगली वाट आहे.

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत ठेवावेत. शेवट देवळातल्या गाऱ्हाण्यावर करता येतो: 'बा देवा म्हाराजा' अशी सुरुवात होते, प्रत्येक मागणीला मंडळी 'होय म्हाराजा' म्हणतात, आणि सभामंडपात सगळे पुरुषच उभे असताना त्या होकारात एक बाईचा आवाज मिसळतो.