घर तपासायच्या धंद्यात उतरताय? चहा कोणाचाही प्या, पैसे एकाचेच घ्या

सिव्हिलचा डिप्लोमा झालेली पोरं आजकाल फोन करून विचारायलीत, सर ते होम इन्स्पेक्शनचं काम कसं सुरू करायचं, कॅमेरा कोणता घेऊ, भिंतीतली ओल बघायचं मीटर कोणतं चांगलं. मीटरचं शेवटी सांगतो. आधी हे ठरवा की तुम्हाला पैसे कोण देणार, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

काम तसं साधंच आहे. कोणीतरी फ्लॅट नाहीतर रो हाऊस घ्यायलाय, पजेशनच्या आधी किंवा जुनं घर असेल तर इसार द्यायच्या आधी तुम्ही जाऊन बघायचं, ठोकून बघायचं, पाणी सोडून बघायचं आणि जे दिसलं ते लिहून द्यायचं. आपल्याकडे याचं वेगळं सरकारी लायसन नाही, म्हणजे उद्या कोणीही हातोडी आणि टॉर्च घेऊन इन्स्पेक्टर होऊ शकतो आणि होतातही. अमेरिकेत हा धंदा जुना आहे, तिथं आशी नावाची इन्स्पेक्टर लोकांची संघटना १९७६ पासून आहे आणि तिच्या नियमांतले तीन मी टेबलासमोर चिकटवून ठेवलेत. फी निकालावर अवलंबून ठेवायची नाही, एजंटला काम दिल्याबद्दल कमिशन द्यायचं नाही, आणि जे घर तपासलं तिथली दुरुस्ती वर्षभर पैसे घेऊन स्वतः करायची नाही. ते नियम आपल्याला लागू नाहीत, पण दुसरं काही नाही तर हे तरी पाळा.

पहिली परीक्षा एजंटच घेतो. मला बीड बायपासवरचा एकजण म्हणाला होता, "साहेब महिन्याला पाच-सहा घरं देतो, कमिशन पण नको मला, फक्त सौदा मोडू नका." ऐकायला यात लाच काहीच नाही, उलट माणूस चांगलाच वाटतो. पण तिसऱ्या घरापासून तुमचा हात आपोआप हलका होतो, "स्लॅबला गळती" लिहायच्या जागी "किरकोळ ओलसरपणा" लिहायला लागता आणि तुमचं तुम्हालाही कळत नाही. मी त्याला म्हणलो, नंबर खुशाल द्या, पण पैसे घर घेणारा देईल, रिपोर्ट त्याच्याकडंच जाईल आणि सौदा मोडला तर मोडला. त्यानं नंतर एकच घर दिलं. चालतंय. एजंटकडून काम आलं तर गिऱ्हाईकाला पहिल्याच फोनवर सांगून टाका की तुमचा नंबर मला अमक्यानं दिलाय.

बिल्डरच्या साइटवर गेलं की चहा येतोच, तो प्या, नाही म्हणलं तर उगाच वाकडं दिसतं. जेवायला मात्र बसू नका. आणि आपल्याकडं खरी अडचण चहाची नाहीच, ओळखीची आहे. साइट इंजिनियर आपल्याच पॉलिटेक्निकचा निघतो, घर विकणारा मावशीच्या दिराचा साडू निघतो, संभाजीनगर असो का परभणी, दोन प्रश्न विचारले की पाहुणा निघतोच. अशा वेळी तपासणी सुरू करायच्या आधी गिऱ्हाईकाला मेसेज टाकायचा, "घरमालक माझ्या नात्यात निघाले, तुम्हाला दुसरा माणूस हवा असेल तर ॲडव्हान्स परत करतो." तोंडी नाही, मेसेज. बहुतेक वेळा लोक म्हणतात काही हरकत नाही, पण विचारलंत म्हणून म्हणतात.

दुरुस्तीचं माझ्यावरच शेकलंय म्हणून सांगतो. सुरुवातीला मी रिपोर्टसोबत मेहुण्याचा नंबर द्यायचो, तो वॉटरप्रूफिंग करतो आणि काम खरंच चांगलं करतो. एका ठिकाणी गिऱ्हाईकाचे शेजारचे काका जिन्यात उभे राहून म्हणाले, "म्हणजे ओल पण तुम्हीच दाखवायची आणि बुजवायची पण तुमच्याच मेहुण्यानं?" मला राग आला, मग रात्रभर वाटत राहिलं की काका काय चूक बोलले. तेव्हापासून नंबर देणं बंद. कोणी फारच मागं लागलं तर म्हणतो तीन जणांकडून कोटेशन घ्या आणि त्यातलं समजत नसेल तर मला दाखवा, वाचून दाखवायचे पैसे घेत नाही.

आता कागद. तपासणीच्या आधी एका पानावर मराठीत लिहून सही घ्या, काय बघणार, काय बघणार नाही, किती पैसे, रिपोर्ट कोणाला. हे मी का सांगतोय तर एका मे महिन्यात मी एक वरच्या मजल्याचा फ्लॅट तपासला, बेचाळीस डिग्री ऊन, स्लॅब खडखडीत कोरडा, सगळं झकास, आणि गिऱ्हाईकाचा फोन आला तेव्हा मी गाडीवर होतो, बोलून गेलो, "एकदम ओके आहे, घ्या." रिपोर्टमध्ये नीट लिहिलं होतं की टेरेसवर पावसाळ्यातली परिस्थिती बघितलेली नाही. जुलैत बेडरूमच्या पंख्यापासून पाणी टपकायला लागलं. त्या माणसानं रिपोर्ट वाचलाच नव्हता, त्याच्या डोक्यात माझं "एकदम ओके" होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. मी फी परत केली, बिल्डरला पत्र कसं लिहायचं ते बसून सांगितलं, तरी ते घर दिसलं की मी आजही मान खाली घालून जातो.

तेव्हापासून फोनवर "ओके" हा शब्दच नाही. फोनवर एवढंच की रिपोर्ट संध्याकाळी येईल, वाचा, मग बोलू. आणि कोरड्या दिवसांत तपासणी असेल तर पहिल्या पानावर, शेवटच्या नाही, मोठ्या अक्षरात लिहायचं की पाऊस नसताना बघितलंय. बाथरूमला नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं भोक, बंद करून इंचभर पाणी चोवीस तास साठवून खालच्या फ्लॅटचं छत बघता येतं, पण त्यासाठी खालच्याची परवानगी लागते आणि दुसऱ्या दिवशी परत जावं लागतं, त्याचे पैसे आधीच सांगा. टेरेसचं मी आता असं करतो की पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर एक चक्कर त्याच फीमध्ये. मराठवाड्यात ते दोन पाऊस कधी पडतील ते मात्र लिहून देत नाही.

भेगांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण इथंच लोकांना घाबरवून पैसे काढणारे भेटतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ते सगळ्यांनी बघितलंय. पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेला नसेल तर तीच उघडझाप घराच्या भिंतीत दिसते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली. त्याउलट बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर आडवी सरळ भेग असेल तर ते बऱ्याचदा जाळी न मारता प्लास्टर केल्याचं किंवा भिंत बसल्याचं असतं, आणि प्लास्टरवरचं कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक तडतडणं म्हणजे बहुतेक वेळा पाणी नीट मारलेलं नसतं. तिन्हींना "तडे गेलेत" एवढंच लिहिलं तर तुम्ही खोटं बोललात असं होत नाही, पण खरंही बोलला नाहीत. भेग कुठं आहे, किती लांब, किती मिलीमीटर रुंद, कोणत्या दिशेनं, शेजारी पट्टी ठेवून फोटो, एवढं लिहा. कारण सांगायचंच असेल तर "असं असू शकतं" म्हणा. भेग वाढायली का हे एका भेटीत कळत नाही, पेन्सिलनं टोकाला तारीख टाकून पुढच्या मोसमात बघावं लागतं, अर्थात मालकाला विचारून. कॉलम-बीममध्ये काही दिसलं, सळई उघडी पडून गंजलेली, काँक्रीट फुगलेलं, तर स्वतः शहाणपणा न करता स्ट्रक्चरल इंजिनियरकडं पाठवा.

लातूर, धाराशिवकडं काम करताना हे दुप्पट सांभाळायचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी बघितलीये त्यांच्यासाठी भिंतीतली भेग ही नुसती भेग नसते. किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि वरून मातीचं जड माळवद खाली आलं, आणि तो भाग त्या वेळच्या नकाशात भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या झोनमध्ये होता. औसा रोडला एक आजी माझ्यामागं प्रत्येक खोलीत येत होत्या आणि एकच विचारत होत्या, "लेकरा, हलली जमीन तर टिकल का हे?" नुसतं बघून याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. मी सांगितलं की आजी, हे बांधताना भूकंपाचा हिशोब धरलाय का ते नकाशावर असतं, बिल्डरकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागू आणि जाणकाराला दाखवू. "टिकल की" म्हणलो असतो तर त्या खुश झाल्या असत्या. आणि "काही सांगता येत नाही बघा" असं मान हलवत म्हणलो असतो तर आणखी दोन टेस्ट विकता आल्या असत्या. दोन्ही करू नका.

बोअरच्या पाण्याचं पटकन. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, स्वस्त आहे, आकडा लिहा, सोबत लिहा की पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलीग्रॅमपर्यंत ठीक आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आरओची एजन्सी घेऊ नका, ऑफर येईलच. भिंतीला खाली लोणा, म्हणजे पांढरा खार, लागलेला दिसला तर दिसला एवढंच लिहा.

कागदपत्रांत पडू नका. गुंठेवारीचा प्लॉट आहे, नियमित झालाय का, सातबारा, एनए म्हणजे बिगरशेती, लोक विचारतातच कारण तुम्ही शिकलेले दिसता. वकिलाकडं पाठवा. पण रेराचं, म्हणजे बिल्डरांवरच्या घरबांधणी कायद्याचं, एवढं माहीत पाहिजे की २०१६ च्या कायद्यात कलम १४ आहे, पजेशनपासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. पत्र गिऱ्हाईकानं त्याच्या नावानं द्यायचं, सोबत तुमचा रिपोर्ट लावायचा. तुम्ही बिल्डरशी भांडायला किंवा भाव पाडायला जायचं नाही, तो तुमचा धंदा नाही. आणि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचं किंवा आठपर्यंतच घरांचं काम असेल तर रेरा नोंदणी सक्तीची नाही, चार रो हाऊस बांधणारे बरेच जण त्यातच बसतात, म्हणून तिथं इसार द्यायच्या आधीच नीट बघा म्हणून सांगा.

वास्तूचं पण विचारतात. "किचन आग्नेयला आहे का बघा की जरा." मोबाइलवर होकायंत्र लावून दिशा सांगतो, शुभ-अशुभ त्यांचं त्यांनी बघावं.

रिपोर्ट कोणाचा यावरून एकदा फार अवघड झालं होतं. पोरगा पुण्यात नोकरीला, आईवडील जालन्यात, घर त्यांच्यासाठी, पैसे पोराचे. तपासून झाल्यावर वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, गळतीचं लिहू नका हो, तो नको म्हणल मग. आम्हाला हे घर आवडलंय, देऊळ जवळ आहे." काय बोलणार? मी म्हणलो काका, लिहावं तर लागतंय, पण दुरुस्त होण्यासारखं आहे हे पण लिहितो कारण ते पण खरं आहे. पोरानं घर घेतलं. पण समजा घेतलं नसतं तरी रिपोर्ट तोच गेला असता, सही त्याची होती. बिल्डर, एजंट, शेजारी, कोणीही कॉपी मागितली तर गिऱ्हाईकाचा लेखी होकार लागतो. आणि लोकांच्या घरातले फोटो स्टेटसला टाकू नका रे बाबांनो, "आजची साइट" म्हणून कोणाच्या तरी बेडरूमची ओली भिंत मी बघितलीये.

जुन्या घरात माणसं राहत असतात हे विसरू नका. मेन स्विच पाडायच्या आधी विचारा, आतल्या खोलीत पोरगं ऑनलाइन परीक्षा देत असतं. आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, त्याचं टेस्ट बटण दाबायच्या आधी पण सांगा. कपाट स्वतः उघडू नका.

पैशांचं. फी चौरस फुटावर आधीच ठरलेली, दोष किती निघाले त्यावर नाही, आणि सौदा झाल्यावर देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा कारण मग तुम्हालाही सौदा व्हावा असं वाटायला लागतं. अर्धे आधी, अर्धे रिपोर्टच्या वेळी, दोन्हीची पावती. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, तोवर जीएसटी लावून बिल देऊ नका. पैसे घेतले की तुम्ही ग्राहक संरक्षण कायद्यात आलात, चूक झाली तर तो माणूस ग्राहक आयोगात जाऊ शकतो, म्हणून फोटो, मोजमापं, सही केलेलं पान आणि मेसेज निदान पाच-सहा वर्षं जपून ठेवा, रेराची मुदतच ५ वर्षांची आहे. पाहुण्यांचं काम फुकट केलं तरी कागद तेवढाच करा. फुकटच्या कामात कागद करायचा राहून जातो आणि भांडण तिथंच होतं.

हां, मीटरचं राहिलं. पिनवालं मीटर स्वस्त पडतं पण रंगावर दोन बारीक भोकं पडतात, मालकाला विचारल्याशिवाय टोचू नका, बिनपिनचं परवडत असेल तर ते घ्या. आणलं की आधी आपल्याच घरात फिरवून बघा म्हणजे हात बसतो. मी फिरवलं तेव्हा बाथरूमबाहेरची भिंत ओली निघाली होती, तो रिपोर्ट अजून बायकोला दिलेला नाही.