वंचित वस्त्यांमधल्या आरोग्यावर रिसर्च करताय? मी कुठे फसले ते आधी वाचा

सॅम्पलिंग, एथिक्स क्लिअरन्स वगैरे तुम्हाला माहितीच आहे, त्यात शिरत नाही. मला एका प्रश्नाने फसवलं, तेवढं नीट सांगते.

माझ्या प्रश्नावलीत होतं, 'गेल्या १५ दिवसांत घरात कोणी आजारी होतं का?' डेटा आला तर सगळ्यात गरीब घरांत आजारपण सगळ्यात कमी. मी थिसिसचा चॅप्टर लिहून टाकला, गाइडनेही काही विचारलं नाही. नंतर परत त्याच घरांत गेले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, 'डोकं तर रोजच दुखतं, त्याला काय आजार म्हणायचं, उठताच आलं नाही तर आजार.' पोटात गोळाच आला. म्हणजे बघा, ज्याला कधी कोणी तपासलंच नाही त्याला आपलं बीपी वाढलंय हे कळणार कसं, आणि झोपून राहिलं की रोजंदारी बुडते म्हणून तो अंगावर काढतो, आपल्याला 'नाही' सांगतो आणि आपण त्याला निरोगी धरतो. त्यात माझ्या फॉर्ममध्ये 'नाही' आलं की उपचारांचे सगळे प्रश्न गाळले जायचे! म्हणजे ज्यांच्यासाठी अभ्यास, नेमके तेच गायब. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये हेच लिहिलंय, केरळमध्ये आयुर्मान जास्त तरी आजार सांगणारेही जास्त, बिहारमध्ये उलट. मी ते वाचलेलं होतं, तरी चुकले.

म्हणून 'आजारी आहात का' एवढ्यावर थांबू नका. जिना चढताना दम लागतो का, खोकला किती दिवस आहे, असं विचारा, जमेल तिथे मोजा. नुसता हॉस्पिटलचा रेकॉर्ड घेऊन थिसिस उरकायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, जे पोचलेच नाहीत ते त्यात नसतातच. आणि अॅक्सेस, म्हणजे उपचारांपर्यंत पोचता येणं, हे फक्त किलोमीटरचं काम नव्हे, पेन्चान्स्की आणि थॉमस या संशोधकांनी १९८१ मध्येच पाच बाजू सांगितल्यात, परवडणं आणि वेळ जुळणं त्यातच येतं.

गाइड निवडताना पेपर मोजू नका, शेवटचं फील्डवर कधी गेलात ते विचारा.

चॅप्टर परत लिहावा लागला तर घाबरू नका, माझे आठ महिने गेले पण थिसिस वाचला. फक्त बीपीचं मशीन नेणार असाल तर रीडिंग जास्त आलं की माणसाला कुठे पाठवायचं, सोबत कोण जाणार, हे आधी ठरवा. मी ठरवलं नव्हतं, आणि त्या मावशींचं वरचं बीपी १८० निघालं.